मामा, ढवळ्या आणि बिनहॉर्नच्या वाटा

मुंबईत कुठे खेडेगाव लपून बसलं असेल, तर ते हुडकून काढायचा मक्ता देवानं फक्त माझ्या बायकोच्या मामांना दिला आहे. दोन झाडं, एक कोंबडी आणि हॉर्न नाही, की मामांच्या लेखी ते गाव! मामांची उभी हयात लालबागच्या चाळीत गेली. पण रोज पहाटे कुत्र्याला घेऊन असे निघायचे, जणू शेताच्या बांधावर चाललेत. कुत्रा काळाकुट्ट, नाव ढवळ्या. गावच्या बैलाचं नाव होतं ते. मी हसलो तर म्हणाले, "रंगाचा काय घेवन बसल्यात जावयबापू? नाव आमच्या घरातला आसा." वाटेची परीक्षाही त्यांचीच. ढवळ्याची नखं रस्त्यावर वाजलेली ऐकू आली तर वाट पास, नाहीतर नापास. या परीक्षेत आख्खं लोअर परळ नापास झालं. माटुंग्यातल्या झाडांखालच्या दोन गल्ल्या काठावर पास झाल्या, पण त्या फक्त रविवारी.

हे सगळं मला इतकं ठाऊक असायचं कारण म्हणजे माझं बायपास. ऑपरेशन उत्तम झालं, पण माणूस कामातून गेला. डॉक्टर म्हणत चाला, आणि मी आपला खुर्चीला चिकटलेला. जिना दिसला की छातीत धस्स व्हायचं. बायको आधी ओरडली, मग रडली, मग गप्प झाली. ते गप्प होणं फार वाईट होतं. अशात एका सकाळी मामा दारात. "ढवळ्या लय ओढता हो. माका एकट्याक जमना नाय. जरा दोरी धरूक येवा." आता, ढवळ्या म्हणजे अर्धा तास हाका मारल्यावर एक डोळा उघडणारा प्राणी! तो कसला ओढतोय कपाळ! पण मामांना नाही कोण म्हणणार? गेलो.

महिनाभर सपाट वाटा झाल्या. मग एक दिवस त्यांनी मला अँटॉप हिलच्या चढासमोर नेऊन उभं केलं. "मामा, मला नाही जमायचं," मी म्हटलं. मामांनी चपला काढल्या, हात जोडले आणि भर रस्त्यात खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या मालका! दोन माणसा आणि एक मुको जीव तुझ्या वाटेक इलेत. जावयाची छाती डागदरान शिवल्यान हा, ती संभाळ. आणि तेच्या मनात जा काय भिया आसात, ता हयच काढून घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" हे मी नव्हे, सरकारी वसाहतीचा वॉचमन म्हणाला! तो सावंतवाडीकडचा निघाला.

चढलो. दम लागला, पण बाकी काही म्हणजे काही झालं नाही. वर बसून मी ढसाढसा रडलो. मामा तेवढा वेळ ढवळ्याच्या कानातले गोचीड काढत राहिले. गोचीड नव्हतेच.

आता चाळ पाडली आणि मामा ढवळ्याला घेऊन कोकणात गेले. "हय सगळाच शांत आसा, शोधूचा काय?" अशी त्यांची तक्रार. रोज सकाळी सहाला फोन येतो. तब्येत कधी विचारत नाहीत, फक्त "आज खय गेल्लात?" परवा छातीत उगीच बारीकसं दुखलं आणि ती जुनी भीती परत येऊन बसली. पांघरुणातूनच ठोकून दिलं, "माटुंग्याला आलोय मामा."

पलीकडून हळू आवाजात, "खोटा बोला नकात जावयबापू. पंख्याचो आवाज येता."

हसू आलं, आणि डोळे भरले. या माणसाचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार? फोन तसाच चालू ठेवला, चप्पल घातली आणि जिना उतरलो.