कोऱ्या कागदावरच्या निशाण्या

थोरल्या कंपनीचा एजंट पहिल्यांदा आमच्या भट्टीवर आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत वाळूत होते. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि मला विचारलं, "मालक कुठं आहेत?" मी म्हटलं, "एक मालक भाता मारतोय, दुसरी तुमच्याम्होरं बसलीया. बोला की पावणं." त्याला ते आवडलं नाही. मलाही तो आवडला नव्हता, तेव्हा फिट्टंफाट झाली.

कोल्हापुरात तेव्हा महाराजांचं राज्य होतं आणि गुऱ्हाळांवरचे लाकडी घाणे जाऊन लोखंडी चरक आले होते. तीन उभ्या लाटा म्हणजे लोखंडी रूळ, त्यांच्या डोक्यावर दात्यांची चाकं, वर लांब आडवं लाकूड आणि त्याला जुंपलेले बैल. बैल फिरले की लाटा फिरायच्या आणि ऊस पिळून निघायचा. हे चरक दोन कंपन्या भाड्यानं द्यायच्या. एक मुंबईची, तिला आम्ही थोरली म्हणायचो. दुसरी इथल्याच एका व्यापाऱ्याची, ती धाकटी. चरक कुणाचाही असो, मोडायचे ते वरच्या चाकाचे दात. तसं चाक नव्यानं ओतून देणं हा आमचा धंदा. नवरा नाल ठोकायचं काम सोडून बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायला शिकला होता, आणि साच्यांचं काम माझं होतं. वाळूच्या साच्यात एका दाताचा कोपरा ढासळला तरी सगळं चाक वाया जातं. नवऱ्याच्या हाताला तेवढा धीर नव्हता. माझ्या तोंडाला धीर नाही, पण हाताला आहे.

एजंटानं निरोप सांगितला. पुढच्या हंगामापासून त्यांच्या चरकाला त्यांचंच चाक बसणार. दुसऱ्याचं दिसलं तर फडात ऊस तुटून पडलेला असला तरी चरक उचलून नेणार. जाताजाता दारातून वळून तो म्हणाला, "दरबारात अर्ज गेलाय आमचा. या मुलखात चरक पुरवायचा मक्ता आम्हाला मिळतोय. मग दुसऱ्याचा चरकही नाही आणि दुसऱ्याचं चाकही नाही."

नवरा भाता थांबवून ऐकत होता. "मग आपण काय करायचं गं?" एवढंच तो म्हणाला. ओतकाम बंद झालं तर त्याला परत बैलांचे नाल ठोकत गावोगाव हिंडावं लागणार होतं. त्याचं गुडघ्याचं दुखणं मला ठाऊक होतं. ही भट्टी बंद होऊ द्यायची नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

थोरल्या कंपनीनं कामंही थोरलीच केली. सरकारी मळ्याला दोन कोरे करकरीत चरक भेट दिले. दरबारातल्या कोणाकोणाच्या घरी आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पोती उतरली. गुऱ्हाळवाल्यांना गाड्या जुंपून नरसोबाच्या वाडीला नेलं, दर्शन घडवलं, बासुंदीचं जेवण घातलं आणि परतीच्या वाटेवर सांगितलं, की गावठी भट्टीतली चाकं फुटतात आणि माणसांचे हात लाटांत जातात. हात जातात हे खरंच होतं. ऊस सारणाऱ्याचं लक्ष जरा हललं की जातात, आणि वरचं चाक मुंबईचं असलं तरी जातात. पण बासुंदी खाल्लेल्या तोंडानं हे बोलायचं कुणी?

मग धाकट्या कंपनीचा मालक आला. हा उंबऱ्यावर बसला, मला वैनी म्हणाला, पाणी मागून प्याला. म्हणाला, "वैनी, ह्यो मक्ता झाला तर तुमी बी बुडाला आन मी बी बुडालो. त्याच्या इरोधात अर्ज करू की. लोकांच्या निशाण्या तेवढ्या पायजेत. माझ्यावर कोण इस्वास ठेवत न्हाय, तुमच्यावर ठिवतील."

दगडापेक्षा वीट मऊ, असं मला वाटलं. मी हो म्हटलं.

ज्याला लिहिता येत नसे त्याचं नाव कारकून लिहायचा आणि नावापुढं धंद्याची खूण काढायचा. कुणब्याचा नांगर, सुताराची पटाशी, शिंप्याची कातर. बाईची मात्र बांगडी, मग ती धंदा कोणताही करो. गावोगाव फिरवायच्या कागदाची आमच्याकडं एक रीत होती. आधी तळाला निशाण्या घ्यायच्या आणि मजकूर मागाहून वर लिहायचा. माणसं किती होतील ते आधी कळत नाही, आणि लोकांनाही ऊस तोडायचं सोडून मजकूर ऐकत बसायला सवड नसते. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

कोरा स्टॅम्पाचा कागद आणि एक कारकून घेऊन मी गुऱ्हाळं पालथी घातली. पहिल्यांदा गेले ती शिरोळकडच्या अण्णांकडं. जैन शेतकरी, मोठं गुऱ्हाळ, आणि शब्द असा की त्यांनी केलं ते पंचक्रोशीनं करावं. मला ते अक्का म्हणायचे. त्यांनी आधी रस पाजला, मग विचारलं, "अक्का, तू म्हणतीस न्हवं?" मी म्हटलं, "मी म्हणतो." आमच्याकडच्या बायका अशाच, पुरुषांसारखं बोलतात. त्यांचा नांगर कागदावर उमटला आणि मग बाकीचे नांगर भराभर उमटत गेले. सगळ्यांच्या खाली कारकुनानं माझी बांगडी काढली. मी फार खुशीत घरी आले.

दरबारची सुनावणीची नोटीस आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या शाळेच्या बाईंनी ती वाचून दाखवली. अक्षरं मी पुढं त्यांच्याकडूनच शिकले, आणि ती ह्याच नोटिशीमुळं. बाईंनी एकदा वाचली, थांबल्या, परत वाचली. अर्ज दोन होते. थोरल्या कंपनीला मक्ता हवा होता. धाकट्या कंपनीला थोरलीचा मक्ता नको होता, कारण तो तिला स्वतःला हवा होता. 'खाली निशाण्या करणारे समस्त गुऱ्हाळदार' तेच मागत होते. त्यांत मीही होते.

मी तशीच धाकट्या मालकाच्या पेढीवर गेले. वाळूचे हातसुद्धा धुतले नाहीत. तो हसला. म्हणाला, "वैनी, मक्ता कुनाला तरी मिळनारच. मग आपल्याला का नको? तुमची भट्टी चालंलच की. चाकं फकस्त मला द्यायची, मी म्हनंल त्या दरानं." मला सपाटून राग आला. राग त्याचा होता, पण त्याहून जास्त माझा मला आला होता. थोरल्याला दाराबाहेर ठेवला आणि धाकट्याला मीच हात धरून माझ्या माणसांच्या घरात नेऊन बसवला.

दोन दिवसांनी थोरल्या कंपनीचा एजंट पुन्हा आला. आता त्यालाही मी वैनी झाले होते. म्हणाला, "सुनावणीत एवढंच सांगा, की त्या निशाण्या तुमच्या नाहीत. त्याचा अर्ज पडेल. मग या भागातली सगळी चाकं कंपनी तुमच्याकडूनच ओतून घेईल." तो गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "कुठल्या तरी झाडाखाली हुबं ऱ्हावंच लागतंय गं." तो भित्रा नव्हता, दमलेला होता. मी म्हटलं, "आपुन झाडाखाली न्हाय, आपल्या छपराखाली हाय. आन छप्पर कुनाच्या बापानं घालून दिलेलं न्हाय." पण त्या दिवशी माझ्या हातून दोन साचे ढासळले.

अण्णांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. त्यांनी नेहमीसारखा रसाचा पेला पुढं केला. मी म्हटलं, "आधी ऐका, मग द्यायचा का न्हाय ते ठरवा." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रसाच्या काहिलीखाली जाळाला उसाची चिपाडं सारणारा माणूससुद्धा थांबला होता. अण्णा म्हणाले, "गुऱ्हाळावर आल्याला रस न्हाय म्हनत न्हाईत, अक्का. पी आधी." तो रस मला गोड लागला नाही. मग म्हणाले, "निशानी माझी न्हाय असं म्हनू म्हनतीस? नांगर माझा न्हाय म्हनायला माझी जीभ रेटायची न्हाय."

"तसं म्हनूच नका," मी म्हटलं. "नांगर आपला हाय. वरचं लिवनं आपलं न्हाय. त्येवढंच सांगायचं."

"आन कोऱ्या कागदावर कुनी घेतली म्हनून इचारलं तर?"

"तर माझ्याकडं बोट करा. मीच घेतलीया."

खोट्या कागदाला दरबारात काय शिक्षा असते ते अण्णांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

सुनावणीसाठी आलेला अधिकारी कमी बोलणारा होता. चरकाचं भांडण चरकापाशीच ऐकतो, असं म्हणून तो सरळ अण्णांच्या गुऱ्हाळावर आला. पहिल्यांदा सगळ्यांना रस. साहेब, एजंट आणि धाकटा मालक तिघं एकाच घोंगड्यावर बसून रस प्याले, आणि भांडणारे दोघं एकमेकांना लिंबू देत होते. एरवी मला हसू आलं असतं.

एजंटानं पिशवीतून एक फुटकं चाक काढून साहेबांपुढं ठेवलं. "हे बघा गावठी चाक. यानंच लोकांचे हात जातात." मी लांबूनच ओळखलं. दाताच्या कडेला माझ्या अंगठ्याचा ठसा होता, तो मी साच्यात मुद्दाम ठेवायचे. नाकारलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मी उठले.

"साहेब, चाक माझंच हाय. फुटलं. हात कुनाचा गेला न्हाय. दुसऱ्या दिशी दुसरं बसवून दिलं. ह्यांचं बी फुटतंय. इचारा ह्यांना, मुंबईहून यायला किती दीस लागत्यात, आन तवर तोडल्याल्या उसाचं काय हुतंय?"

साहेबांनी एजंटाला विचारलं नाही, अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "वाळतोय. मग गूळ काळा पडतोय." मग साहेबांनी धाकट्याचा अर्ज उघडला. "या निशाण्या तुमच्या?"

"नांगर माझा," अण्णा म्हणाले. "वरचं माझं न्हाय." मागचा म्हणाला, नांगर माझा, वरचं माझं न्हाय. त्यामागचाही. प्रत्येक जण तेच म्हणत होता आणि धाकट्या मालकाची मान खाली जात होती. "मग हा कागद कोरा असताना फिरवला कुणी?" साहेबांनी विचारलं. एकानंही बोट केलं नाही. अण्णांनीसुद्धा केलं नाही. मग मीच पुढं झाले.

"मी फिरवला," मी म्हटलं. "माझ्या शब्दावर ह्यांनी निशाण्या दिल्या. चूक माझी हाय, ह्यांची न्हाय. काय शिक्षा असंल ती मला द्या. पर मक्ता कुनालाच देऊ नका, साहेब. थोरल्याला बी नको, धाकट्याला बी नको, आन उद्या मी मागायला आलो तर मला बी नको. चरक कुनाचा बी असू दे, मोडला तर जो दुरुस्त करील त्यानं करावा."

साहेबांनी फुटक्या चाकाच्या दातांवरून बोट फिरवलं. मग कारकुनाला म्हणाले, "आता ही म्हणाली ते लिही. आधी लिही. निशाण्या नंतर." दोन्ही अर्ज त्यांनी बाजूला सारले. मक्ता कुणालाच मिळाला नाही, आणि मला शिक्षाही झाली नाही. पण तो हुकूम पुढं बऱ्याच दिवसांनी हातात पडला, आणि त्या दिवशी ते आम्हाला कुठं माहीत होतं?

कारकुनानं लिहून वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "परत वाचा." परत वाचलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर कागद त्यांच्यापुढं गेला, तेव्हा त्यांनी तो माझ्याकडं सरकवला. "या खेपंला आधी तू, अक्का. आमी तुझ्या मागं."

माझे डोळे भरून आले, ते मी पदरानं पुसले नाहीत. कारकुनानं माझं नाव लिहिलं आणि काही न विचारता पुढं एक गोल काढला. बाईची बांगडी. मी त्याच्या हातातून टाक काढून घेतला. जन्मात कधी टाक धरला नव्हता, पण दात काढणं माझ्या हाताला ठाऊक होतं. त्या गोलाला मी सभोवार एकेक दात काढत गेले, सारख्या अंतरावर, साच्यात काढते तसे.

साहेबांनी वाकून पाहिलं. "बाई, हे काय?"

"चाक हाय, साहेब," मी म्हटलं. "मोडलं तर माझ्याकडं आणा."