भिंगारदिवे सरांनी बाद केलेलं चित्र

सहादेव भिंगारदिवे सर आमच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवत होते. श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं गाव. मी विज्ञानाचा शिक्षक. माझी प्रयोगशाळा आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत. त्यांच्या वर्गातून आवाज म्हणून यायचा नाही. सर स्वतःच फार कमी बोलत.

त्यांचे वडील रंभाजी श्रीरामपूरच्या रेल्वे मालधक्क्यावर हमाल होते. घरात कुणी हातात ब्रश धरलेला नव्हता. सरांनी चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या, नगरला जाऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि आमच्याकडे रुजू झाले. पुढे तालुक्यात शाळांची चित्रकला स्पर्धा असली की परीक्षक तेच, हे ठरूनच गेलं.

तेव्हा चित्रं घरून काढून आणायची पद्धत होती. मग कुणाच्या ताईनं काढलेलं, कुणाच्या क्लासच्या बाईंनी रंगवलेलं चित्र पोराच्या नावावर यायचं. सर अशी चित्रं बरोबर हुडकून काढत. “हात खोटं बोलत नाही,” असं म्हणत. आपली नजर चुकत नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि आम्हालाही तो रास्त वाटायचा.

२०१३च्या डिसेंबरमधली स्पर्धा. विषय होता ‘आमच्या गावचा बाजार’. मीही मुलांना घेऊन गेलो होतो. दीडशेच्या वर चित्रांत एका छोट्या गावातल्या सातवीच्या मुलीचं चित्र होतं. नाव अफ्रीन शेख. बाजारात बसलेली एक म्हातारी दुसऱ्या बाईच्या हातात बांगड्या भरतेय, एवढंच. पण अंगठ्याच्या मुळाशी दाबून गोळा झालेली कातडी, कळ सोसताना त्या बाईनं किंचित आवळलेले ओठ, सगळं त्यात उतरलं होतं. मागची गर्दी नुसत्या चार फिक्या रेघांत.

सरांनी ते बराच वेळ पाहिलं. मग मुलीला बोलावलं.

“हे कुणी काढलं?”

“मी, सर.”

“खरं सांग. घरी कोण शिकवतं?”

“कुणीच नाही. दादी बांगड्या विकते, मी तिच्याशेजारी बसते. मीच काढलं, सर.”

“सातवीतल्या मुलीचा हात हा नव्हे,” सर म्हणाले. त्यांनी लाल पेनानं चित्राच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘मोठ्यांची मदत. बाद.’ मुलीसोबत आलेले गुरुजी खाली मान घालून उभे राहिले. मीही मधे पडलो नाही. ती मात्र रडली नाही. आपलं चित्र तिनं मागून घेतलं, नीट गुंडाळलं आणि बाहेर जाऊन बसली.

तीन वर्षांनी मतदार यादीच्या कामासाठी सरांना त्या मुलीच्याच गावातली घरं मिळाली. एका पत्र्याच्या घरात मुबारकबी नावाच्या म्हातारीनं त्यांना ओट्यावर बसवलं आणि ती कागद आणायला आत गेली. सरांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. पांढऱ्या मातीनं सारवलेली ती भिंत कोळशानं काढलेल्या चित्रांनी भरली होती. शेळीचं पाय दुमडून बसणं, झोपलेला माणूस, आणि हात. नुसते हात कितीतरी.

“आजी, हे कुणी काढलं?”

“आमच्या अफ्रीननं. लई जुनं हाय ते. आता न्हाई काडत.”

“का?”

“इस्पर्धेला गेल्ती. तितल्या मास्तरनं चोर ठरीवली. घरी आली, कोळसा चुलीत टाकला. सारवायला घेतली तर भित बी पुसू देत न्हाई, आन् नवं काडत बी न्हाई.”

सर मला नंतर म्हणाले, “वाटलं, कागदांवर सह्या घ्याव्यात आणि निघावं. म्हातारीनं मला ओळखलं नव्हतं.” पण ते बसून राहिले. म्हणाले, “आजी, तो मास्तर मीच.”

तेवढ्यात अफ्रीन शाळेतून आली. दहावीत होती. तिनं सरांना लगेच ओळखलं आणि दारातच थांबली. सर उठून उभे राहिले.

“बाळ, माझी चूक झाली. चित्र तुझंच होतं.”

“मी सांगितलं होतं, सर.”

“हो. सांगितलं होतंस.”

“तिथंच कागद दिला असता तर पुन्हा काढून दाखवलं असतं. तुमी विचारलंच नाही.”

तिनं आतून पाणी आणून दिलं. ते पिऊन सर निघाले.

त्या वर्षीच्या बक्षीस समारंभात निकाल वाचण्याआधी सरांनी माईकवर ही सगळी हकीकत सांगितली. मुलीचं नाव घेतलं नाही, स्वतःचं घेतलं. मंचावरचे पाहुणे अस्वस्थ झाले. नंतर संयोजकांपैकी एकजण जवळ येऊन म्हणाला, “सर, आजच्या दिवशी याची काय गरज होती? स्पर्धेचं नाव खराब होतं.”

“मी लोकांसमोर तिला खोटी ठरवली,” सर म्हणाले. “कबूलही लोकांसमोरच करायला पाहिजे.”

पुढच्या वर्षी त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं नाही. त्यांनी तक्रार केली नाही, पण एक अर्ज दिला: चित्र घरून आणू नये, कागद तिथंच द्यावा आणि सगळ्यांनी समोर बसून काढावं. दोन वर्षं तो अर्ज तसाच पडून राहिला, मग मान्य झाला. आता आमच्या तालुक्यात स्पर्धा अशीच होते.

अफ्रीन दहावीनंतर आयटीआयला आरेखनाचा अभ्यासक्रम शिकली. आज ती नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करते. चित्रं काढते की नाही, मला माहीत नाही. सरांनाही माहीत नव्हतं. त्या गावी काम निघालं की ते मुबारकबीला भेटून येत, पण त्यांनी ते कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी निवृत्त होण्याआधी सरांनी तिला एकदाच फोन केला. संयोजकांच्या संमतीनं परीक्षक म्हणून येशील का, असं विचारलं. मी शेजारीच बसलो होतो, फोनमधला आवाज मला ऐकू येत होता. पलीकडून ती म्हणाली, “नको, सर. दुसऱ्याच्या चित्राला नंबर देणं माझ्याच्यानं होणार नाही.” मग म्हणाली, “दादी गेली मागच्या महिन्यात. तुमाला कळवायचं राहिलं.”

सरांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं तिच्या गावी भेटायला गेले. मीही बरोबर गेलो.