साडूंनी न झाडलेली गोळी

आमच्या साडूंइतका जपून जगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि नेमक्या त्यांच्याच हातात बंदूक होती. मूळचे पुण्याचे, नोकरी हॉलंडमधल्या एनस्खेडेला सॉफ्टवेअर टेस्टिंगची, आणि जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. २००५-०६च्या सुमारास या गृहस्थांनी चक्क डच भाषेत शिकारीची परीक्षा दिली, पहिल्या खेपेत पास झाले आणि फेलुवेच्या जंगलात रानडुकरं मारायला जाऊ लागले. जाऊ लागले एवढंच. पहिल्या दीड वर्षात मारलं एकही नाही.

शिकारीचे नियम मात्र अंगात असे भिनले की घरातसुद्धा छत्री टोक जमिनीकडे करूनच धरायची. लेकीकडे चेंडू टाकण्याआधी तिच्यामागे काय आहे ते वाकून बघायचं. तोवर ती कंटाळून डचमध्ये काहीतरी पुटपुटत निघून जाई. मचाणावर हलायचं नसतं, म्हणून रविवारी बाल्कनीत स्टुलावर दोन-दोन तास पुतळ्यासारखे बसत. मेहुणी खुशाल त्यांच्या खांद्यावर ओले टॉवेल वाळत घाली. "पिल्लांची आई मारायची नाही. कळपाची म्होरकी तर नाहीच नाही. एकटं, आडवं उभं असेल तरच, पुढच्या पायाच्या जरा मागे," हे ते आम्हाला पोळी वाढता वाढता समजावत, आणि आमचा घास घशातच अडके.

हे वेड कुठून आलं ते मेहुणीने एकदा सांगितलं. त्या जंगलातून येताना त्यांच्या गाडीखाली एक रानडुक्कर आलं होतं. कंबरेत मोडून ते रस्त्याकडेला पडलं. पोलिसांनी बोलावलेला म्हातारा वनरक्षक येईपर्यंत अर्धा तास ते ओरडत होतं आणि साडू शेजारी उभे होते. म्हाताऱ्याने एका गोळीत ते थांबवलं. साडूंनी तिथल्या तिथे त्याला विचारलं, "मला शिकवाल का?"

सप्टेंबरात एकदा मीही त्यांच्याबरोबर मचाणावर चढलो. उजाडलं होतं, पण धुकं दाट होतं. समोर एक दांडगा नर येऊन अगदी आडवा उभा राहिला. साडूंनी बंदूक उचलली, बराच वेळ रोखून पाहिलं आणि खाली घेतली.

"मारा ना!" मी कुजबुजलो.

"मागचं दिसत नाहीये."

"अहो, मागे नुसतं धुकं आहे!"

"तेच म्हणतोय मी."

डुक्कर निघून गेलं. मी मनातल्या मनात चरफडत होतो, तेवढ्यात त्याच धुक्यातून एक आजी-आजोबा कुत्र्याला घेऊन बाहेर आले. वाट चुकले होते बिचारे. साडूंनी टोपी काढून त्यांना "खुडेमॉर्गन" म्हटलं, रस्ता दाखवला. मग बंदुकीतली गोळी काढली आणि ती खरंच निघाली की नाही ते तीनदा तपासलं.

"गाडी तुम्ही चालवाल का?" एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता सोडतील. नाही सोडलं. नोव्हेंबरात एका सकाळी फोरबर्गला आमच्या घरी फोन आला. "झालं. एकच गोळी. जागेवर पडलं. तरी पंधरा मिनिटं थांबलो, मगच उतरलो."

मी अभिनंदन म्हणणार, तोच पलीकडून हळूच आवाज आला, "तरुण होतं हो."

फोन त्यांनीही ठेवला नाही आणि मीही नाही.