डावी खिडकी

ताईच्या शिवणाच्या दुकानात मी इस्त्री करते. ती माझी नात्याची कोणी नाही, पण सगळी गल्ली तिला ताई म्हणते, म्हणून मीही म्हणते. तिने लग्न केलं नाही. धाकट्या भावाला शिकवलं, त्याचा संसार थाटून दिला आणि पुढे त्याच्या दोन मुलींच्या फ्रॉकपासून घराच्या पडद्यांपर्यंत सगळं शिवत बसली. तेही फुकट. घरच्यांकडून कसले पैसे घ्यायचे, म्हणे. मी तिला तोंडावर वेडी म्हणायचे आणि ती हसायची.

तिला खरं वेड एकच होतं. आमच्याकडे येणाऱ्या भारी लोकरी कापडाच्या काठावर गावाचं नाव विणलेलं असतं, बिएल्ला. उत्तर इटलीतलं, डोंगराच्या पायथ्याचं गाव. आयुष्यभर ते नाव तिच्या कात्रीखालून गेलं होतं. एकदा ते गाव डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं.

म्हणून भाऊ जेव्हा म्हणाला, "ताई, यंदा सगळ्यांनी इटलीला जायचं. आखणी तू कर, आम्हाला कुठे वेळ आहे!" तेव्हा तिचे पाय जमिनीला लागेनात. भाऊ-भावजय दुकान आवरायच्या वेळेला यायचे. ती कटिंगच्या टेबलावर खडूने रेघ ओढायची आणि गावांच्या जागी बटणं मांडायची. हे मिलान, हे मधलं सरोवर, हे वेरोना, ते लांबचं मोठं बटण व्हेनिस. बिएल्लाला तिने शिंपल्याचं बटण दिलं होतं, डब्यातलं सगळ्यात देखणं.

"वसंत लागता लागता जायचं," ती बजावायची. "गर्दी नसते, डोंगरावर बर्फही असतो. पण सकाळी सरोवरावर कडाका असतो हं, कोट हवेत. आणि मिलानहून सरोवराकडे जाताना गाडीत डाव्या बाजूला बसायचं. सगळं पाणी डावीकडे दिसतं. त्यातली एक खिडकी माझी, आत्ताच सांगून ठेवते!"

भावजय हसून मान डोलवायची. ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाची लाही होते.

कोट ताईने शिवले. आधी मुलींचे, मग भावजयीचा, मग भावाचा. स्वतःचा नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी, गडद निळ्या कापडाचा. तिची एक रीत होती. जास्तीचं कापड ती कधी छाटायची नाही, आत दुमडून ठेवायची. माणूस सुटतं, वाळतं. कपडा पुन्हा उसवून मापाचा करता आला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

निळा कोट कच्च्या टाक्यांवर होता, तेव्हा भाऊ-भावजय आले. बरोबर भावजयीची आई. ठेंगणी, काटकुळी बाई.

"ताई, आईचं माप घ्या ना," भावजय म्हणाली.

"अगंबाई, याही येणार? छान झालं!" ताईने लगेच टेप काढली. "कापड मात्र आणावं लागेल."

"नवा कशाला? हा तयारच आहे की. हाच आईला बसवा."

टेप ताईच्या हातात तशीच राहिली. ती भावाकडे बघत होती आणि तो बटणांकडे.

"तुझे गुडघे दुखतात ना ताई," तो पुटपुटला. "शिवाय दुकान... तिकिटं केव्हाच काढली गं. सांगू सांगू म्हणत राहून गेलं."

"केव्हाच म्हणजे? ही बटणं मांडत होते तेव्हा?"

 मग त्याने शिंपल्याचं बटण उचललं आणि म्हणाला, "हे गाव तसंही गाळणारच होतो. त्या दिवशी खरेदी करू म्हणतोय."

इस्त्री त्याच्या हातावर ठेवावी असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

ताईने बाईंना आरशासमोर उभं केलं आणि कोट अंगावर चढवला. बाह्या पार बोटांखाली गेल्या. तिने खडूने खूण केली.

"जास्तीचं आत दुमडून ठेव," भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला. "आम्ही आलो की परत तुझ्या मापाचा करून घे."

ताईने कोट टेबलावर पसरला, मोठी कात्री घेतली आणि दोन्ही बाह्या खुणेच्या जरा खाली कापून टाकल्या. निळे तुकडे फरशीवर पडले.

"तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. "कोट उद्या न्या."

ते गेले इटलीला. ताई रोज दुकान उघडत होती, शिवत होती. बटणं तिने डब्यात भरली होती, पण खडूची रेघ मी पुसायला गेले की हात धरायची. डोळ्यांत पाणी म्हणून आलं नाही. मला त्याचीच धास्ती वाटत होती.

मग एका दुपारी भावाचा फोन आला. मागे स्टेशनचा गलबला. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होतं. "ताई, मिलानला आहोत! सरोवराच्या गाडीत बसतोय. आईंना खिडकी द्यायचीय. कुठल्या बाजूला बसायचं म्हणाली होतीस गं?"

ताईने टेबलावरच्या रेघेकडे पाहिलं.

"उजव्या," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली.