आठ घरं पाडून मिळालेलं नववं

घण्या घरं पाडायचा. बांधणारे पुष्कळ असतात बघ, पण पाडणारा एखादाच, आणि त्याला कोणी चहाला बोलवत नाही. तो राहायचा त्या शहरात जागेला असा भाव चढला होता, की माणूस सावलीत उभा राहिला तरी कोणीतरी भाडं मागायला येईल असं वाटावं. बुटकं घर दिसलं की ते पाडायचं आणि उंच उठवायचं, हाच सगळ्यांचा ध्यास. मग पाडायला घण्या. सात किलोचा घण आणि खांदे असे रुंद, की सदरा शिवताना त्याचा सख्खा थोरला भाऊ दर वेळी म्हणायचा, तुझ्या एका पाठीत माझी दोन गिऱ्हाइकं बसतात. भाऊ शिंपी होता.

पाडायला जायचं म्हणजे आतली माणसं आधी बाहेर काढलेली असायची. पण सगळी कुठं निघतात? एका म्हातारीनं घण्याच्या मनगटाचा असा लचका तोडला, की तिच्या दातांची रांग पुढं कायमची राहिली. एकानं वरच्या मजल्यावरून उकळतं पाणी ओतलं, पाठीचं कातडं सोलून निघालं. घण्यानं कधी उलटा हात उगारला नाही. म्हणायचा, त्यांचं घर गेलं, माझं नुसतं कातडंच गेलंय.

आणि त्याचा एक नेम होता. भिंतीवर घाव घालायच्या आधी बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकायचं, आत कोणी आहे का म्हणून हाळी द्यायची, कान लावायचा, मगच घण उचलायचा. त्याच्या एका जोडीदारानं घाईत हे केलं नव्हतं. पलीकडं पहारेकरी भिंतीला टेकून झोपलेला. घण विटांसकट त्याच्या बरगड्यांतून आत गेला. घण्यानं तो माणूस स्वतःच्या हातांनी बाहेर ओढला होता, तोंडातून रक्ताचे फुगे येत होते त्याच्या. तेव्हापासून मुकादम कितीही खेकसला तरी तीन ठोके चुकायचे नाहीत.

आता त्याचं स्वतःचं घर सांगते. बापाची एक खोली होती, तिसऱ्या मजल्यावर. बाप गेला तेव्हा दोघा भावांनी मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं. अलीकडं घण्या, त्याची बायको आणि दोन मुली. पलीकडं शिंपी, वहिनी आणि शिलाई मशीन. शिंप्याला मूलबाळ नव्हतं, पण मशीन दोन पोरांएवढी जागा खायचं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा घण्या दहा वर्षांचा. आई नव्हती, म्हणून तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, तापात उशाशी बसली. तो कितीही मोठा झाला तरी ती त्याला अरेतुरेच करायची, आणि तो तिच्यापुढं मान वर करून बोलत नसे.

एकदा मुकादमानं त्याला दूर एका गावी नेलं, बंद पडलेल्या गिरणीची चिमणी पाडायला. गाडीनं एक दिवसाची वाट. तिथं घण्यानं जे पाहिलं त्यानं त्याचं डोकं फिरलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी घरं रिकामी! पाच पाच खोल्या, मागं अंगण, अंगणात विहीर, आणि दारावर 'विकणे आहे' ची पाटी पावसानं पुसून गेलेली. भाव विचारला तर त्याला हसूच आलं. आपल्या शहरात तेवढ्यात गाडी उभी करायची जागा मिळत नाही. त्यांची अर्धी खोली विकली तर तिथं अशी तीन घरं आली असती.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती जिभेनं तिखट. म्हणाली, स्वस्त आहे म्हणजे काहीतरी मेलंय तिथं. तो म्हणाला, गिरणी मेलीय. मग ती मुलींकडं बघत राहिली. थोरली चौदाची झाली होती आणि पाय पोटाशी घेऊन झोपायची. पाय ताणले की पार्टिशनला लागायचे आणि पलीकडून शिंपी थाप मारायचा. बायको एवढंच म्हणाली, हिला एकदा सरळ झोपलेली बघायचीय मला.

पण खोली दोघांच्या नावावर. दलाल तर रोजच जिन्यात उभा असायचा. त्याला सगळी इमारत पाडून टोलेजंग काहीतरी उठवायचं होतं. पण सही दोघांची हवी, आणि शिंपी म्हणायचा, मरेन पण सही करणार नाही. त्याचंही चूक नव्हतं हो. त्या गावात कपडे शिवायला टाकणार कोण? तिथली माणसं जुनंच ठिगळ लावून घालतात. इथं त्याची गिऱ्हाइकं होती, मोठ्या हापिसातले साहेब त्याच्याकडं पँटी शिवायला द्यायचे. वाट्याच्या पैशात शहरात त्याला खोली सोडा, खोलीचं दारसुद्धा आलं नसतं. म्हणजे एकानं जगायचं तर दुसऱ्यानं मरायचं, असा तो हिशेब.

आणि शिंप्यानं एक खोडी काढली. घण्या कामावर गेला की तो पार्टिशनचे खिळे उपसायचा आणि वीतभर अलीकडं सरकवून परत ठोकायचा. माप घेणारा माणूस, त्याला ठाऊक की वीत पटकन डोळ्यांत भरत नाही. पहिल्यांदा घण्याला कळलंच नाही. दुसऱ्यांदा कळलं. तेव्हा जिन्यातच जुंपली. घण्यानं एकच गुद्दा दिला आणि शिंप्याचे पुढचे दोन दात जिन्यावरून टकटक खाली गेले. शिंप्यानं त्याच्या कानाचा तुकडा तोडला. वहिनीनं मधे पडून दोघांच्या थोबाडीत दिली, घण्याच्या जरा जोरातच. म्हणाली, तुझ्या हातात बळ आहे म्हणून अक्कल तूच दाखवायची. त्यानं मान खाली घातली. पार्टिशन मात्र राहिलं तिथंच.

मग दलालानं शेवटचा निरोप दिला, की शनिवारपर्यंत सह्या आल्या तर ठीक, नाहीतर तो शेजारची इमारत घेणार आणि मग यांच्या खोलीला कुत्रं विचारणार नाही. गुरुवारी दुपारी काम लवकर सुटलं. घण्या घण खांद्यावर टाकून घरी आला, तर थोरलीची ट्रंक बाहेर, चाळीच्या गॅलरीत. वह्या, कपडे, सगळं. पार्टिशन अजून एक वीत अलीकडं आलेलं आणि ट्रंक आता आत मावत नव्हती. पोरगी ट्रंकेवर बसून अभ्यास करत होती. विचारलं तर म्हणाली, काकांनी ठेवली, मला इथं वारा येतो, बरं आहे.

पोरगी रडली असती तर कदाचित काही झालं नसतं. तिनं बरं आहे म्हटलं आणि घण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पलीकडं मशीन चालू नव्हतं. शिंपी दुपारी गिऱ्हाइकाकडं मापं घ्यायला जातो, हे घण्याला माहीत. मशीन कुठं असतं तेही माहीत. रोज कानाशी खडखडायचं ते, खिडकीच्या अंगाला, पार्टिशनला चिकटून. माणूस मारायचा नव्हता त्याला, मशीन मारायचं होतं. मशीन गेलं की भावाचा शहरातला पाय उखडेल आणि सही करेल, असं त्याच्या डोक्यानं त्या घटकेला ठरवलं. आणि ज्या माणसानं दहा हजार भिंतींवर ठोके दिले, त्यानं आपल्याच घरातल्या प्लायवर दिले नाहीत. घरातल्या पार्टिशनला कोण ठोकतं? त्यानं घण फिरवला आणि घातला.

प्लाय कागदासारखा फाटला. पण लोखंडाचा आवाज आला नाही. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

पार्टिशन सरकलं तसं शिंप्यानं मशीनही आतल्या अंगाला सरकवलं होतं. मोकळ्या झालेल्या उजेडात, प्लायला पाठ टेकून, वहिनी सदऱ्याला बटणं लावत बसली होती. घण तिच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड कातडं फाडून बाहेर आलं, पांढरं. ती ओरडलीसुद्धा नाही. हातातली सुई तशीच धरून मान वळवून ती भोकातून घण्याकडं बघत राहिली, आणि मांडीवरचा साहेबाचा पांढरा सदरा रक्तानं भरत गेला.

घण्या गुडघ्यांवर बसला. त्यानं प्लाय हातांनी फाडायला घेतला, बोटांत खिळे घुसले तरी कळेना. तेवढ्यात शिंपी आला. त्याला दिसलं ते एवढंच, बायको रक्तात आणि भाऊ तिच्यावर वाकलेला. कापड कापायची मोठी कात्री खुंटीला होती. त्यानं ती दोन्ही हातांनी घण्याच्या उजव्या दंडात खुपसली आणि फिरवली. कापडाला फिरवतात तशीच. घण्यानं त्याला ढकललंही नाही. शिंप्यानं दुसऱ्यांदा उचलली ती मानेवर, तेव्हा धावत आलेल्या घण्याच्या बायकोनं इस्त्री उचलून त्याच्या डोक्यात घातली. भिंतीवर, छतावर, पोरीच्या वह्यांवर सगळीकडं रक्त. शेजारीपाजारी आले ते दारातच थिजले. कोणाचं रक्त कोणतं हे कळायला मार्ग नव्हता.

इस्पितळात पोलीस आले. वहिनीचा हात खांद्यापासून लुळा पडला होता, कायमचाच. तिनं जबाब दिला, की मी माळ्यावरून पडले, पडताना पार्टिशन फुटलं, आणि दोघं भाऊ मला उचलायला धावले त्यात त्यांना लागलं. पोलीस हसला. म्हणाला, बाई, माळा तुम्हाला घणानं मारतो का? ती म्हणाली, आमचा माळा तसाच आहे.

मग तिनं घण्याला खाटेपाशी बोलावलं. त्याचा दंड बांधलेला, बोटं हलत नव्हती. त्याला वाटलं, ती रागावेल, मारेल. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुला तुरुंगात घालून माझा हात येणार नाही," ती म्हणाली. "तुझा वाटा सोड. सगळी खोली ह्यांच्या नावावर कर आणि जा. तुला तुझं गाव मिळालंय ना, तिकडं जा."

त्यानं डाव्या हातानं सही केली. ज्या खोलीसाठी तो सख्ख्या भावाशी भांडला ती अशी गेली.

मग चौघं गाडीत बसली आणि त्या स्वस्त गावी उतरली. पण स्वस्त झालं म्हणून काय, हातात एक दमडी नव्हती. बायको म्हणाली, बघा, फुकटात मिळालं असतं तरी दार उघडायला किल्ली लागतेच. गावात एक म्हातारा मालक होता. बापजाद्यांची नऊ घरं त्याच्या नावावर, त्यातल्या एकातही माणूस नाही, आणि छपरं कोसळून रस्त्यावर पडतात म्हणून गावकरी रोज त्याला शिव्या द्यायचे. एका घराच्या विटा एका पोराच्या डोक्यात पडल्या होत्या, पोर गेलं होतं. पोराच्या बापानं म्हाताऱ्याचा पाय मोडला होता. म्हातारा घण्याला म्हणाला, आठ पाडून दे, नववं तुझं.

एका हाताचा माणूस आणि आठ घरं. उजवा हात नुसता लोंबायचा. त्यानं घणाचा दांडा अर्धा कापला आणि डाव्या हातानं शिकायला लागला. पहिल्या महिन्यात घण स्वतःच्याच पायावर दोनदा पाडला, अंगठा पिचला. बायको विटा उपसायची, मुली शाळेतून येऊन ढीग लावायच्या. आणि ती घरं काय होती! सागाचे खांब, हातभर जाडीच्या भिंती, शहरात अशी एक भिंत मिळावी म्हणून माणसं एकमेकांचे गळे कापतात. इथं तो ती धुळीत घालत होता, कारण राहायला कोणी नव्हतं. एक तुळई निसटून त्याच्या पाठीवर आली, दोन बरगड्या गेल्या. सव्वा वर्षानं आठवं घर पडलं आणि म्हाताऱ्यानं शब्द पाळला.

त्या दिवशी थोरली नव्या घरात जमिनीवर आडवी झाली, हात वर, पाय सरळ. बायको दारात उभी राहून बघत राहिली आणि मग तोंडात पदर कोंबून रडली.

इकडं शहरात शिंपी खोली धरून बसला होता. भाव अजून चढेल, अजून चढेल म्हणून. दलालाची शनिवारची धमकी पोकळच निघाली, त्यानं वर्षभर वाट पाहिली, मग तीन माणसं पाठवली. त्यांनी मशीन उचलून खिडकीतून फेकलं. शिंपी त्याला धरायला धावला. कोणी म्हणतं ढकलला, कोणी म्हणतं मशीनबरोबर गेला. तिसऱ्या मजल्यावरून खाली फरशीवर. विक्रीच्या कागदांवर त्याचा अंगठा आधीच उठवलेला निघाला.

वहिनी आली ती दुपारी. एक ट्रंक, ती डाव्या हातात. घण्या अंगणात होता. तो पाया पडायला वाकला तशी ती दोन पावलं मागं सरली. आपण मागं सरलो हे तिलाही तेव्हाच कळलं असावं.

"किती खोल्या आहेत?" तिनं विचारलं.

"पाच. वहिनी, तू समोरची घे. उजेड चांगला आहे."

"मागची दे. जिला दगडी भिंती आहेत ती. आणि आतून कडी हवी."

त्यानं त्याच दिवशी कडी बसवली, डाव्या हातानं, स्क्रू वाकडे गेले तरी. ती मुलींची वेणी घालायची एका हातानं, दातात रिबन धरून. बायकोशी बसून हसायची, टोमणे मारायची, धाकटीला बटण लावायला शिकवायची. घर तिच्यामुळं भरल्यासारखं झालं होतं. पण घण्या कामावरून आला, अंगणात त्यानं घण खाली ठेवला, की मागच्या खोलीची कडी लागायची. अकरा वर्षं, ती जाईपर्यंत. त्यानं एकदाही कडी काढ म्हटलं नाही. तो यायच्या आधी घण गावाबाहेर ठेवून यायला लागला, तरी ती लागायचीच.