प्रार्थनापत्रातलं नाव

एसटी सुटायची वेळ झाली तरी पप्पांची प्रार्थना संपेना. आमच्या नगरकडच्या गावातली निम्मी मंडळी स्टँडवर आली होती. सगळ्यांचे हात माझ्या डोक्यावर आणि कंडक्टर घंटी मारून बेजार. पप्पा गावच्या चर्चचे पाळक. आमेन झाल्यावर म्हणाले, "दर महिन्याला प्रार्थनापत्र पाठव, कुणासाठी काय मागायचं ते लिही. इथं गुडघे टेकायला आम्ही आहोत."

पुण्यात मार्केट यार्डामागच्या वस्तीत मला सेवेला पाठवणाऱ्या मिशनने खोली घेऊन दिली. मुलींचा अभ्यास घ्यायचा, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, जमेल तेव्हा प्रभूविषयी बोलायचं, हे माझं काम. गावात नळ अंगणातच होता, त्यामुळे इथं पहिल्याच सकाळी मी हंडा घेऊन रांग मोडली. शेजारच्या शोभाताईंनी मला सणसणीत झापलं आणि नंतर घरी बोलावलं. त्या यार्डात कांदा निवडायला जायच्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. "आम्हाला देव नको, तुझापण नको. चहा घे," म्हणाल्या. मला त्या फार आवडल्या.

आमच्यात प्रार्थना नाव घेऊन करतात. मग मीही पत्रात नावानिशी लिहिलं: शोभाताईंचा नवरा पितो, मारतो, थोरली लेक सासरहून परत आली आहे. पत्र हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं, मिशनच्या ऑफिसलाही. या चर्चच्या मंडळीकडून त्या चर्चच्या मंडळीकडे फिरत ते यार्डातल्याच एका ख्रिस्ती बाईच्या फोनवर पोचलं. तिने भोळेपणाने, सगळ्या बायकांदेखत, शोभाताईंना सांगितलं की आमचं अख्खं चर्च तुमच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करतंय.

शोभाताई माझ्या दारात आल्या. आवाज चढवला नाही. "माझं दुखणं माझ्या घरात होतं. तू ते गावभर केलंस. लिहायची एवढी हौस असेल तर स्वतःचं लिही की."

मी माफी मागितली. त्या निघून गेल्या आणि बोलणंच बंद झालं. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि मला स्वतःची शरम वाटायची.

त्यानंतर मी एकही नाव लिहिलं नाही. मिशनच्या ऑफिसातून फोन आला, नावं आणि फोटो नसतील तर मदत देणाऱ्यांना काय दाखवायचं? मी म्हटलं, काही दाखवू नका.

पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. शोभाताई पेज घेऊन आल्या, माझी भांडी घासली, झाल्या गोष्टीचा शब्द काढला नाही. त्या महिन्याच्या पत्रात मी माझंच लिहिलं: मी चुकले, मी आजारी आहे, एकटी रडते, आणि एक बौद्ध बाई मला सांभाळते आहे. ऑफिसने कळवलं, हा रिपोर्ट नव्हे. खोली गेली, काम गेलं. आता मी बालवाडीत शिकवते आणि त्याच गल्लीत, शोभाताईंनी शोधून दिलेल्या खोलीत राहते.

गावाकडच्या मंडळींनो, दुबईला गेलेल्या बहिणींनो, तुम्ही ग्रुपवर विचारता, किती आत्मे जिंकले, किती जण प्रभूकडे वळले? एकही नाही. प्रभूला मी सोडलेलं नाही, तेवढा गैरसमज नको. परत कधी येतेस, हेही विचारू नका. माझी चूक या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि तरी सकाळी रांगेत माझ्या हंड्याला जागा ठेवतात. यालाच मी घर म्हणते. प्रार्थना करायचीच असेल तर माझ्यासाठी करा. माझं नाव खुशाल लिहा.