भावोजींचे खोके आणि माझा तयार कान

आमच्या धाकट्या भावोजींसारखा हट्टी माणूस सावित्रीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. आणि त्या हट्टाला खतपाणी घालणारी माझ्यासारखी दीडशहाणी तर त्याहून नाही. मुंबईत पंचवीस वर्षं लिफ्टची कामं करून ते तुडीलला परतले, ते स्पीकरचं किट बगलेत मारूनच. कापलेल्या फळ्या, गोल स्पीकर, वायरी, सोबत छापील कागद. स्क्रू पिळायचे की झालं. पण एवढ्यावर भागलं तर ते भावोजी कसले! "वहिनी, ह्येच जोडू, का सगळं माज्या डोक्यानं करू?" त्यांनी विचारलं. मी तेव्हा पन्नाशीची, भजनात पहिल्या रांगेत बसणारी, आपला कान म्हणजे अगदी तयार अशा तोऱ्यात. म्हटलं, "किट म्हणजे पाकिटातला मसाला, भावोजी. त्याला घरची चव कुठून येणार?" किट माळ्यावर गेलं ते गेलंच.

मग सुरू झाले स्पीकरचे खोके. फणसाचे, आंब्याचे, एक तर जुन्या दाराचा. आत किती हवा मावते ते कळायला भावोजी खोका तांदळानं भरत नि शेरानं मोजून रिकामा करत. तांदूळ माझ्या डब्यातले; तेच पुढे आम्ही जेवत असू. पहिल्या घासाला भुसा लागला की आमचे हे विचारत, "आज भात फणसाचा की आंब्याचा?" खोका झाला की मला समोर बसवून भावोजी गाणं लावायचे. मला फरक कळला असेल तर शपथ! पण तसं कबूल करते तर मी कसली? एकदा म्हटलं, "आवाज कच्चा राहिलाय." एकदा म्हटलं, "तळाला लागलाय." ते सगळं वहीत उतरवून भावोजी पुन्हा करवत हातात घेत. अशी वीस वर्षं गेली.

यंदा महाडच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं नि म्हणाले, "आजी, डावा कान बहुधा लहानपणापासूनच अधू आहे." मला हसू आलं, मग एकदम भावोजी आठवले. बिचाऱ्याची सगळी वही माझ्या थापांनी भरलेली! तशीच त्यांच्याकडे गेले. "भावोजी, ते किटच जोडलं असतंत तर बरं झालं असतं. मला कधीच काही कळलं नाही. डावा कान तर नावालाच."

त्यांनी करवत खाली ठेवली. मला वाटलं, संपलं, आता भावोजी कुणाला काही ऐकवायचे नाहीत.

"डावा?"

"डावाच."

"अवो वहिनी, मग ह्ये आधी नाय सांगायचं?" म्हणत त्यांनी टेप काढली नि माझ्या कानापासून खोक्यापर्यंतचं अंतर मोजायला घेतलं. "डावा खोका हातभर पुढं आणतो, नि जरा मोठा करतो. असलं माप कंच्या किटात मिलतंय?"

महिन्याभरानं मला खुर्चीत बसवून, मान हलवायची नाही अशी ताकीद देऊन, ते गुडघे धरत मागे जाऊन उभे राहिले. गाणं वाजलं, संपलं. माझ्या जिभेवर भाजी, आमटी, मसाला, काहीच येईना.

"कळलं नाही, भावोजी," मी म्हटलं. "पुन्हा लावा."